थंड खोलीतला बिल्ला

इस्माईलभाईंनी बिल्ला तळहातावर घेतला, एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला आणि विचारलं, "मॅडम, हा मेला तर मला कळणार कसं?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे परचुरे सर म्हणाले, "मरणार कशाला? वर्षभर सेलकडे बघायला नको."

"कधी मरणार ते मी नाय विचारलं, साहेब. मेल्यावर मला कळणार कसं, ते विचारलं."

सर माझ्याकडे बघायला लागले. मला तो माणूस तिथेच आवडला.

आम्ही रत्नागिरीजवळच्या एका मासळी गोठवण्याच्या कारखान्यात उभे होतो. समोर थंड खोलीचं जाडजूड दार होतं आणि त्याच्या पलीकडे उणे वीस. खोली म्हणायची, पण आत एखादं मंगल कार्यालय मावलं असतं. गोठवलेल्या कोळंबीची आणि म्हाकुळाची खोकी छतापर्यंत रचलेली, मधून अरुंद रांगा, आणि वर पंख्यांची अशी घरघर की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. इस्माईल होडेकर त्या खोलीचे मुकादम होते. कुठल्या रांगेत कुठला माल आहे ते त्यांना विचारायचं आणि मगच आत जायचं, अशी तिथली रीत होती.

मागच्या वर्षी शेवटच्या रांगेत खोक्यांची एक थप्पी त्यांच्या पायावर कोसळली. दाराची कडी आतून उघडत होती, पण दारापर्यंत जायला पाय मोकळा नव्हता. हाका त्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? भिंतीवर धोक्याचं बटण होतं, ते दाराशेजारी. माल न्यायला ट्रक आला, हमाल आत शिरला आणि इस्माईलभाई सापडले. जीव वाचला. थंडीने पायाची बोटं मात्र गेली. बरे होऊन परत आले तेव्हा त्यांनी मॅनेजर भाटकरांना एवढंच सांगितलं, की अंगावर राहील असं काहीतरी द्या, त्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही. भाटकरांनी सरांना बोलावलं आणि इस्माईलभाईंना बजावलं, "हे लोक बिल्ला दाखवतील. तो चालला की तू आत. तरीही नाही म्हणालास, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

म्हणून तो प्रश्न.

"इस्माईलभाई," मी म्हटलं, "छताला एक डबा बसेल. त्याला वीज असेल. बिल्ला त्या डब्याला सारखी हाक मारत राहील, मी आहे, मी आहे. हाक चुकली की बाहेर पिवळा दिवा लागेल. पिवळा दिवा दिसला तर आत जायचं नाही. आणि तुम्ही बिल्ल्यावरचं बटण दाबलंत तर दिवा नाही, भोंगा."

"सारखी म्हंजे किती?"

"तुमचा एक विडा लावून होईल, तेवढ्यात एकदा तरी."

"मी विडा नाय खात."

"मग भाटकरसाहेबांचा धरा."

भाटकरांच्या तोंडात तेव्हा विडाच होता. इस्माईलभाई हसले नाहीत, पण बिल्ला त्यांनी खिशात ठेवायला जावं तसा घट्ट धरला आणि मग नमुना आहे हे आठवून परत दिला.

तेव्हा मला सरांकडे लागून काही वर्षं झाली होती. आंब्याच्या बागांसाठी पंप चालू-बंद करणारी यंत्रं आम्ही बनवायचो. सेलवर चालणाऱ्या बिनतारी वस्तूंमधलं आपल्याला कळतं, असं माझं तेव्हा मत होतं. आजही आहे. हल्ली पोरंपोरी माझ्याकडे येऊन कुठली चिप घेऊ म्हणून विचारतात, तेव्हा मी आधी विचारते की ती वस्तू कोण वापरणार आणि कुठे. त्यांना वाटतं बाई टाळतेय.

आमच्याकडे दुसरा होता सौमित्र. पुण्याहून आलेला, हुशार, हाताला वेग असलेला आणि माझ्याइतकाच हट्टी. बिल्ल्याचं काम सरांनी त्याला दिलं होतं. त्याने चिप निवडली ती एकदम आधुनिक, रेडिओ आणि मेंदू एकाच तुकड्यात, तोही वायफायवाला.

"झोपेत किती कमी खाते बघ," त्याने चिपच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान माझ्यापुढे धरलं. "याहून कमी कोणी खात असेल तर दाखव."

"झोपेत माझा मामेभाऊही काही खात नाही," मी म्हटलं. "उठल्यावर त्याला काय काय लागतं ते मामीला विचार."

सरांना हसू आलं, सौमित्रला नाही.

खरं म्हणजे मी थट्टा करत नव्हते. सेलवरची अशी वस्तू जन्मभर झोपलेलीच असते. मधेच उठते, रेडिओवर दोन शब्द बोलते, परत झोपते. सगळे झोपेचा आकडा बघतात, कारण तोच पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो, आणि तोही बाहेरच्या छान हवेतला. पण सेल रिकामा होतो तो जागेपणी. सौमित्रची चिप उठली की आधी वायफाय शोधणार, मग आपली ओळख सांगणार, परवानगी घेणार आणि मग बोलणार. तेवढा वेळ ती सेलमधून वीज घटाघटा पिणार. माझ्या मनातला जोड अगदी साधा होता. एक लहान कंट्रोलर, म्हणजे नुसता मेंदू, आणि शेजारी वेगळी रेडिओ चिप. झोपेत ही जोडी थोडं जास्त खायची, ते मी कबूल करत होते. पण उठली की थेट आपला निरोप सांगायची आणि पडायची. तिला घोटभर पुरायचं.

"आणि तो नाण्याएवढा सेल उणे वीसमध्ये आखडतो," मी सौमित्रला म्हटलं. "घोट घोट देईल. एकदम मागितलंस तर त्याचा दाब पडेल आणि तुझी चिप चक्कर येऊन पडेल. शुद्धीवर आली की पुन्हा तेवढंच मागेल."

"मी वीज साठवायला कपॅसिटर टाकलाय ना जोडीला."

"कपॅसिटर तांब्याभर देईल. हिला बादली लागते."

"तू मोजलंयस?"

"टेबलावर मोजलंय. तू?"

"मीही टेबलावर," तो म्हणाला. "म्हणजे आत काय होईल ते दोघांनाही माहीत नाही."

हे मात्र त्याचं बरोबर होतं.

सरांनी दोन्ही हात वर केले. "आश्लेषा, भाटकरांना धोक्याची सूचना फोनवर हवी आहे. मी शब्द दिलाय. वायफायने ते आपोआप होतं."

"फोनवर छताचा डबा पाठवेल, सर. त्याला विजेची काय कमी? बिल्ल्याने कशाला तेवढं ओझं उचलायचं?"

"तुझं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण सौमित्रचा बिल्ला तयार आहे. तुझं अजून टेबलावर पसरलंय."

"आवरते. दाखवायच्या दिवशी मीही माझा आत ठेवीन."

सर जरा विचारात पडले. मग म्हणाले, "ठेव. पण एक ध्यानात ठेव. भाटकरांच्या समोर आपल्या आपल्यात वाद नको. गिऱ्हाइकाच्या दारात घरची धुणी धुवायची नाहीत."

मी मान हलवली. मनापासून हलवली होती.

दाखवायच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही बिल्ले थंड खोलीत, शेवटच्या रांगेतल्या फळीवर ठेवून आलो. थंडी हाडापर्यंत मुरू दे, अशी कल्पना. माझा डबा मी छताला लावून आधीच निघाले, कारण गावी जाणारी गाडी चुकली असती. सौमित्र मागे थांबला.

सकाळी कारखान्यात पोचले तर सगळे दारापाशी जमलेच होते. सर, भाटकर, सौमित्र. कोळंबी सोलणाऱ्या विभागातल्या बायका रबरी एप्रनवर हात पुसत लांबून बघत होत्या. इस्माईलभाई जाकीट घालून भिंतीला टेकून उभे होते, चेन अजून उघडीच. सौमित्रच्या मांडीवर लॅपटॉप होता.

आतल्या हमालाने सौमित्रच्या बिल्ल्याचं बटण दाबलं. भोंगा असा केकाटला की बायकांनी कानांवर हात ठेवले. भाटकरांच्या खिशातला फोनही वाजला. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

"वा!" ते म्हणाले. "परचुरे, मानलं. उणे वीसमध्ये मुरलेला बिल्ला, आणि बघा कसा ठणठणीत! काय रे इस्माईल, झालं ना तुझं? सोमवारपासून आत."

इस्माईलभाईंनी जाकिटाची चेन वर ओढायला घेतली.

आणि तेव्हा मला ती केबल दिसली. लॅपटॉपमधून निघालेली, दाराच्या रबराच्या फटीतून आत गेलेली पातळ करडी केबल. प्रोग्राम भरायची. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ही चूक केलेली असते. बिल्ला आत काय करतोय ते वाचायला म्हणून केबल लावायची आणि विसरून जायचं, की ती केबल नुसती वाचत नाही, गुपचूप पाजतही असते. सेल आखडो नाहीतर मरो, बिल्ला लॅपटॉपवर जगतो. मुद्दाम कोणी करत नाही. सौमित्रनेही केलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर निखळ आनंद होता.

मी सरांकडे बघितलं. सर खुशीत होते. त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं, पण तेवढ्यात भाटकर इस्माईलभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग ठरलं," आणि ठरलं की तो माणूस त्या बिल्ल्याच्या भरवशावर शेवटच्या रांगेत जाणार, हे मला लख्ख दिसलं.

"सर," मी मोठ्याने म्हटलं, "केबल काढून पुन्हा दाबू या."

सरांचा चेहरा उतरला. सौमित्र म्हणाला, "अगं, ती नुसती नोंदी वाचायला आहे."

"वाचायला आहे. पण वीजही देतेय."

तो काहीतरी बोलणार होता. मग त्याची नजर केबलवरून फिरत दारापर्यंत गेली आणि त्याने स्वतःच केबलला हात घातला. हुशार होता, म्हटलं ना.

"काय भानगड आहे?" भाटकरांनी विचारलं.

"भानगड नाही," सर मोठ्या कष्टाने म्हणाले. "खात्री करतोय. सौमित्र, काढ केबल."

केबल निघाली. दार बंद झालं. बिल्ल्याला आपल्या सेलवर सावरायला वेळ दिला, म्हणजे भाटकरांनी एक विडा लावला आणि संपवला. मग सौमित्र स्वतः जाकीट चढवून आत गेला. आम्ही भोंग्याकडे बघत राहिलो. भोंगा भिंतीवर मुकाट बसला होता. बराच वेळ झाला. मग दार उघडून सौमित्र बाहेर आला, चष्म्यावर सगळं धुकं, आणि आनंदाने म्हणाला, "वाजला ना? मी तीनचारदा दाबलं!"

त्याने चष्मा काढला, पुसला, आमचे चेहरे बघितले आणि खुर्चीवरचा लॅपटॉप मिटून टाकला. मला त्याची दया आली. ती दाखवायची वेळ नव्हती.

"म्हणजे मघाशी मी याला आत पाठवणार होतो ते..." भाटकर म्हणाले आणि थांबले. मग चिडले. "परचुरे, हे काय चाललंय?"

सर माझ्याकडे वळले. रागावलेले होते, पण माणूस सरळ. "आश्लेषा, तुझा बिल्ला आत आहे ना? त्याला काही केबलबिबल?"

"काही नाही. कालपासून एकटाच पडलाय."

"तो बघू."

"मी जातो," इस्माईलभाई म्हणाले.

सकाळपासूनचे त्यांचे हे पहिलेच शब्द. त्यांनी कानटोपी घातली, हातमोजे चढवले, आणि डाव्या पायातला बूट दोनदा जमिनीवर आपटून नीट बसवला. फळीवर बिल्ला कुठे आहे ते मी सांगितलं. ते म्हणाले, "ती फळी मला नका सांगू," आणि आत गेले. मागच्या वर्षानंतर ते त्या दारातून पहिल्यांदाच जात होते, हे मला नंतर कोळंबीवाल्या एका बाईने सांगितलं.

दार बंद झालं.

भोंगा वाजला नाही.

मग भाटकरांनी पायांची चुळबुळ सुरू केली. "शेवटच्या रांगेत जायला किती वेळ लागतो?"

"एवढा नाही," सर हळूच म्हणाले.

"मग हाही गेला म्हणायचा."

"नाही गेला," मी म्हटलं. "पिवळा दिवा बघा. तो माझ्या डब्याचा आहे, आणि बंद आहे. बिल्ला सारखी हाक मारतोय आणि डब्याला ती ऐकू येतेय. हाक थांबली असती तर दिवा लागला असता."

"मग भोंगा का वाजत नाही?"

"कारण इस्माईलभाईंनी बटण दाबलेलं नाही."

"का नाही दाबलं?"

"ते मला कसं कळणार?"

भाटकरांनी माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई आता काहीही ठोकून देतेय. माझ्या बिल्ल्याबद्दल मला तसूभरही शंका नव्हती. पण काळजी वाटत होती ती त्या माणसाची. मी खुंटीवरचं जाकीट ओढलं आणि आत शिरले.

आत गेल्यावर पहिल्यांदा नाक झोंबतं, मग डोळे. घरघरीत माझीच पावलं मला ऐकू येत नव्हती. शेवटच्या रांगेच्या तोंडाशी वळले आणि थबकले. इस्माईलभाई जमिनीवर आडवे पडले होते.

"इस्माईलभाई!"

त्यांनी मान वळवली. डोळे उघडे, चेहरा शांत. बिल्ला छातीवर, आणि त्यावर हातमोज्यातला हात. मी गुडघ्यावर बसले.

"लागलं काय?"

"नाय." ते ओरडूनच बोलत होते, तसं बोलावंच लागत होतं. "इथंच पडलो होतो तवा. ही बघा, हीच जागा."

"मग दाबा ना! बाहेर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय."

"वाजणार ते मला पटलंय, मॅडम. तुमी केबल काढायला लावलीत तवाच पटलं."

"मग वाट कसली बघताय?"

त्यांच्या श्वासाची वाफ वर जात होती.

"त्या दिवशी चहा झाला," ते म्हणाले. "सगळी माणसं चहाला बसली. माझा कप तसाच ऱ्हायला, त्यावर साय धरली, पोरीनं तो ओतून टाकला. मी नाय तिथं, हे कोणाच्या ध्यानातच नाय आलं. वीस वर्सं आमी एका जागी चहा पितो." त्यांनी बिल्ल्यावरचा हात जरा हलवला. "हाका नाय ऐकू गेल्या, ते पंख्यामुळं. ते मी समजू शकतो. पण कपाचं काय? आता हे वाजेल. वाजल्यावर कोण येतं ते मला बघायचंय. आणि कोणी नाय आलं तर काय, ते बघायची हिंमत होत नव्हती."

चिप कुठली, सेल कुठला, घोट की बादली, याची सगळी उत्तरं माझ्याकडे होती. याचं नव्हतं.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली. त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

आत भोंगा ऐकू येत नाही. ऐकू आली ती फक्त घरघर. मग रांगेच्या टोकाला उजेडाचा पट्टा पडला, दार उघडल्याचा, आणि त्यातून माणसं धावत आली. सगळ्यात पुढे भाटकर. अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात सपाता, बर्फावर घसरत, खोक्यांना धरत, "इस्माईल! इस्माईल!" म्हणून ओरडत. चाचणी त्यांनीच ठरवलेली होती आणि तेच विसरले होते. त्यांच्यामागे सौमित्र, चष्मा हातात. सर, टक्कल उघडं. आणि त्यांच्याही मागे रबरी एप्रनवाल्या दोघी, एकीच्या हातात अजून कोळंबी सोलायचा चिमटा.

भाटकर इस्माईलभाईंच्या शेजारी धपकन बसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, दातांवर दात आपटत होते. "कुठं... कुठं लागलं? पाय? पाय बघू..." ते बूट चाचपत होते, आणि चाचपत होते तो डावाच बूट.

इस्माईलभाईंनी डोळे उघडले. एकेक चेहरा बघितला, सावकाश, खोकी मोजावी तसे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पापणीवरच थिजलं. मग ते हाताचा टेका देऊन उठले, आपली कानटोपी काढली आणि भाटकरांच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढून बसवली.

"साहेब," ते पंख्यांच्या वर आवाज काढून म्हणाले, "जाकीट घातल्याबिगर आत कोणी यायचं नाय. चला, सगळ्यांनी बाहेर व्हा. ही खोली माझ्या ताब्यात आहे."